फॉरमॅट न मारता नको ते सॉफ्टवेअर मुळासकट काढायचं असेल तर: बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर

कॉम्प्युटरवर नको असलेलं सॉफ्टवेअर येऊन बसलं की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा. दोन, फॉरमॅट मारा. पहिल्याने काम अर्धवट होतं आणि दुसऱ्याने कामाचंही सगळं जातं. या दोन्हींच्या मधला रस्ता फार कमी लोक सांगतात, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. सॉफ्टवेअरचं नाव बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर, वापरणारे त्याला बीसीयू म्हणतात. विंडोजसाठी आहे, फुकट आहे. डीटीपी, सायबर कॅफे, क्लासेस, सोसायटीचं ऑफिस, अशा जिथे जिथे एका मशीनवर चार जणांचे हात फिरतात तिथे ते असायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं ठाण्यात चरईत डीटीपी आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, पाडव्याच्या स्वागतयात्रेची पत्रकं, पीएचडीचे प्रबंध, सोसायटीच्या नोटिसा, सगळं येतं. आमच्यासारख्यांना फॉरमॅट परवडत नाही आणि त्याचं कारण बाहेरच्या टेक्निशियनला पटकन कळत नाही. आमच्याकडे अजून पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली आहेत. ती आवृत्ती २००१ सालची. पण मंडळाचा जुना अहवाल उघडून त्यातली वर्गणीदारांची यादी उचलायची असते तेव्हा तीच फाइल लागते. त्या काळातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नाही. फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. तो नेमका फॉन्ट मशीनवर नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं दिसतात. फॉरमॅटनंतर हे फॉन्ट, त्यांचं लायसन्स, कीबोर्डचं सॉफ्टवेअर, कोरलची सेटिंग, प्रिंटरचे रंगांचे प्रोफाइल, सगळं पुन्हा जुळवत बसायचं. तेवढ्यात दाराशी ग्राहक उभाच असतो.

झालं असं, की गणपतीच्या आधीच्या गर्दीत प्रिंटर नेटवर्कवर दिसेना म्हणून एका सर्व्हिसवाल्याला बोलावलं. प्रिंटर त्याने चालू करून दिला, ते काम चांगलं केलं. पण दुसऱ्या दिवसापासून मशीन चालू केलं की उजव्या कोपऱ्यात एक खिडकी उघडायला लागली: तुमचे ड्रायव्हर जुने आहेत, धोका आहे, आत्ता दुरुस्त करा. दुरुस्त करायला गेलं की पैसे मागायचं. बरोबर एक पीडीएफ कन्व्हर्टरही येऊन बसला होता आणि क्रोममध्ये नवीन टॅब उघडला की गूगलऐवजी कुठलंतरी भलतंच सर्च पान यायचं. प्रिंटरचा ड्रायव्हर त्याने मूळ कंपनीच्या साइटऐवजी कुठल्यातरी डाउनलोड साइटवरून घेतला होता. अशा साइट्स मूळ फाइलभोवती आपला इन्स्टॉलर गुंडाळतात. त्यात ‘रेकमेंडेड’वर टिक ठेवून पुढे गेलं की बाकीची मंडळी घरात शिरतात.

अहवालाचं प्रूफ बघायला आलेले मंडळाचे काका शेजारी बसलेले, आणि स्क्रीनवर जाहिरातदारांच्या पानावरच ती खिडकी. काका म्हणाले, “ताई, हे छापून तर नाही ना येणार?” मी सर्व्हिसवाल्याला फोन केला तर उत्तर आलं, “व्हायरस आहे ताई, फॉरमॅटच मारावा लागेल,” आणि त्याचे पैसे वेगळे. याचा मला अजूनही राग आहे. तो व्हायरस नव्हता. रीतसर इन्स्टॉल झालेलं, यादीत नाव असलेलं, पण कोणाला नको असलेलं सॉफ्टवेअर होतं. अशा गोष्टीसाठी माणसाला फॉरमॅट मारायला लावणं म्हणजे त्याच्या वर्षानुवर्षांच्या कामावर पाणी सोडायला लावणं आहे.

कंट्रोल पॅनेलमधून काढलं. यादीतून नाव गेलं. मशीन बंद करून चालू केलं, खिडकी पुन्हा हजर.

असं का होतं हे कळलं की निम्मं काम झालं, म्हणून सांगते. आपण ‘अनइन्स्टॉल’ दाबतो तेव्हा बहुतेक वेळा विंडोज स्वतः काहीच काढत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर बसताना रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, ‘अनइन्स्टॉल’ नावाच्या ठिकाणी आपली एक नोंद करून ठेवतं. त्या नोंदीत लिहिलेलं असतं की मला काढायचं झालं तर अमुक फाइल चालवा. विंडोज फक्त ती फाइल चालवतं. म्हणजे भाडेकरूनेच आपली खोली रिकामी करून किल्ली आणून द्यायची, घरमालक आत डोकावून बघत नाही. चांगल्या कंपनीचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी आवरून जातं, तरी सेटिंगच्या फाइली मागे ठेवतंच, कारण तुम्ही परत याल असं त्याला वाटत असतं. एमएसआय प्रकारच्या पॅकेजमध्ये काढायचं काम विंडोजच्या इन्स्टॉलरकडे असतं. पण काय काय काढायचं ते तिथेही पॅकेज बनवणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली अ‍ॅप्स त्या मानाने स्वच्छ निघतात. आणि ज्यांचा धंदाच चिकटून राहण्यावर आहे, ते कशाला आवरून जातील?

मागे राहतं ते साधारण ठरलेल्या जागी. सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्सची दोन फोल्डर, लपवलेलं प्रोग्रॅमडेटा, आणि युजरच्या फोल्डरमधलं, तेही लपवलेलंच, अ‍ॅपडेटा. त्यात पुन्हा लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन कप्पे. शिवाय रजिस्ट्रीतल्या नोंदी, मागच्या मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस आणि टास्क शेड्युलरमधली, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालायला लावून ठेवलेली कामं. आमच्याकडची खिडकी परत येत होती ती या शेवटच्या जागेतून. लॉग-इन झालं की प्रोग्रॅमडेटातली एक फाइल चालव, असं काम तिथे लावून ठेवलेलं होतं आणि ती फाइल तिथेच होती.

आता बीसीयूबद्दल. हे ओपन सोर्स आहे, कोड गिटहब या साइटवर सगळ्यांना बघायला खुला आहे आणि लायसन्स अपाची २.० आहे, म्हणजे धंद्यातही फुकट वापरता येतं. दुकानासाठी ही गोष्ट महत्त्वाची, कारण फुकट म्हणून मिळणारी बरीच सॉफ्टवेअरं फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतात. धंद्याच्या मशीनवर मला अशी पळवाट नको होती.

पहिल्यांदा उघडल्यावर ते थोडा वेळ घेतं, घाई करू नका. ते फक्त विंडोजची यादी वाचत नाही, प्रोग्रॅम फाइल्सची फोल्डर स्वतः धुंडाळतं. त्यामुळे विंडोजच्या यादीत नसलेली, अर्धवट निघालेली, अनाथ पडलेली सॉफ्टवेअरंही दिसतात. ओळींना रंग असतात. कोणाची डिजिटल सही तपासून बरोबर निघाली, कोणाचा अनइन्स्टॉलर हरवलाय, कोणाची नोंदच नाही, हे रंगावरून कळतं. खालच्या बाजूला कोण किती जागा खातंय त्याचा चौकोनांचा नकाशा असतो. पहिल्या नजरेला स्क्रीन फार गच्च वाटते. आमच्या ऑपरेटर मुलाने बघून “एवढं सगळं?” असं विचारलं होतं. डावीकडच्या पट्टीतल्या टिका आहेत तशाच ठेवा, विशेषतः सिस्टीमचे घटक दाखवणारी टिक लावू नका, म्हणजे गर्दी कमी राहते.

काढायला सांगितलं की ते आधी विचारतं, रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत परत नेण्याची सोय) करू का? हो म्हणा. पण त्याच्याही आधी विंडोजमध्ये सिस्टीम प्रोटेक्शन चालू आहे का ते बघा. बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं आणि मग रिस्टोअर पॉइंट होतच नाही. त्यानंतर बीसीयू त्या सॉफ्टवेअरचाच अनइन्स्टॉलर चालवतं. हे मला पटलं. आधी ज्याने घातलंय त्याला काढू द्यायचं, मग मागे काय राहिलं ते बघायचं. यात मध्येच ‘थांबा, पन्नास टक्के सूट घ्या’ असली पानं येतात आणि त्यात ‘ठेवा’चं बटण मोठं, ‘काढा’चं फिकट असतं. शांतपणे वाचून दाबा.

खरी कमाल पुढे आहे. ते झालं की बीसीयू उरलेल्या गोष्टींची यादी दाखवतं आणि प्रत्येक ओळीपुढे स्वतःची खात्री लिहितं: व्हेरी गुड, गुड, क्वेश्चनेबल, बॅड. म्हणजे ही फाइल त्याच सॉफ्टवेअरची आहे याची खात्री किती. आमच्या ड्रायव्हर अपडेटरच्या बाबतीत प्रोग्रॅमडेटातलं फोल्डर आणि रजिस्ट्रीतली त्याच्या नावाची नोंद, दोन्हींपुढे ‘व्हेरी गुड’ होतं. पण कंपनीच्या नावाचं जे फोल्डर अ‍ॅपडेटात होतं त्याच्यापुढे ‘क्वेश्चनेबल’ आलं. त्या ओळीवर राइट क्लिक करून तपशील उघडला तर कारण लिहिलेलं, याच कंपनीचं दुसरं सॉफ्टवेअर अजून मशीनवर आहे. तेव्हा मला कळलं की तो पीडीएफ कन्व्हर्टरही त्यांचाच आहे. तो काढल्यावर पुन्हा यादी काढली, तर तीच ओळ वरच्या वर्गात गेली. मला सॉफ्टवेअरने असंच वागायला हवं आहे. हे उडवतोय, याची मला इतकी खात्री आहे, या कारणाने. ठरवणारे आपण.

आमच्या ऑपरेटरला मी एक नियम घालून दिलाय. ‘व्हेरी गुड’ आणि ‘गुड’ला टिक चालेल, तीही नाव वाचून. ‘क्वेश्चनेबल’ला मला विचारल्याशिवाय हात नाही, आणि ‘बॅड’ तर नाहीच. रजिस्ट्रीतलं काही पुसायच्या आधी बीसीयू बॅकअप घेऊ का विचारतं, तो घ्यायचाच. एक वेगळं फोल्डर करून तारीख घालून ठेवायचा.

आणि मुख्य यादीतलं एक प्रकरण आवर्जून सांगते. ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ या नावाच्या सात-आठ ओळी दिसतात, वेगवेगळ्या सालांच्या. बघणाऱ्याला वाटतं, एकच गोष्ट इतक्यांदा कशाला, जुन्या उडवूया. उडवू नका. वेगवेगळी सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या आवृत्त्यांवर उभी असतात. त्यातली एक गेली की एखादं कामाचं सॉफ्टवेअर उघडायचं बंद होतं, आणि काय बिघडलं ते चटकन सापडत नाही.

टास्क शेड्युलरमधलं ते चिवट काम बीसीयूच्याच स्टार्टअप मॅनेजरमध्ये दिसलं. मशीन चालू होताना जे जे उठतं ते तिथे एका जागी सापडतं, नाहीतर विंडोजच्या चार ठिकाणी शोधत फिरावं लागतं. आणखी एक सोय मला मनापासून आवडली. एखादी खिडकी सारखी उघडते, पण ती कुठल्या सॉफ्टवेअरची हेच कळत नाही, तेव्हा बीसीयूमधलं नेमबाजीचं चिन्ह माउसने ओढून त्या खिडकीवर सोडायचं. ती खिडकी यादीतल्या कुठल्या सॉफ्टवेअरची, ते बीसीयू शोधून देतं. अनइन्स्टॉलरच हरवलेल्या सॉफ्टवेअरसाठी ‘मॅन्युअल अनइन्स्टॉल’ आहे, तेही फुकटच.

सगळं झाल्यावर मशीन बंद-चालू केलं. खिडकी आली नाही. मग मी एक जुना अहवाल पेजमेकरमध्ये उघडला आणि जोडाक्षरं तपासली: द्ध, ष्ट्य, ऱ्य, ज्ञ. सगळी जागच्या जागी. कीबोर्डही नेहमीसारखा. माझ्या दृष्टीने परीक्षा ती होती.

मात्र बीसीयूने ब्राउझर साफ झाला नाही आणि ती अपेक्षाही ठेवू नका. क्रोमचं सर्च पान तसंच होतं. क्रोमच्या मेनूत खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसत होतं. आमचं कुठलं ऑर्गनायझेशन? हे मोठ्या ऑफिसांसाठी केलेलं आहे. रजिस्ट्रीत क्रोमसाठी पॉलिसी लिहिली की एखादं एक्सटेन्शन सक्तीने बसवता येतं आणि वापरणाऱ्याला ते काढता येत नाही. त्याच वाटेने हे लोक आत येतात. इथे अ‍ॅडवक्लीनर कामाला आलं. ब्राउझरमध्ये घुसलेलं असलं नको ते शोधून काढणारं हे टूल २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. तेही फुकट, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि जे सापडतं ते सरळ न पुसता आधी बाजूला कोंडून ठेवतं, म्हणजे चुकून कामाचं गेलं तर परत आणता येतं. त्याने तो प्रश्न सुटला.

ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र ही ओळ दिसली तर काही करू नका. तिथे ती खरोखर तुमच्या ऑफिसने घातलेली असते.

आणि ज्यांच्याकडे ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशा पट्ट्या कोपऱ्यात येतात, त्यांनी आधी क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडून बघा. अनेकदा काही इन्स्टॉल झालेलंच नसतं. कुठल्यातरी साइटला आपण ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं, ती परवानगी काढली की संपलं. दुकानात येणारे कितीतरी ज्येष्ठ नागरिक या पट्ट्यांना घाबरून पैसे भरायला तयार झालेले मी पाहिलेत. कृपया घरातल्या मोठ्यांना हे एकदा बसून दाखवा.

अँटिव्हायरस हा वेगळा विषय. माझ्या बहिणीने ऐरोलीला नवीन लॅपटॉप घेतला, त्यात ट्रायल अँटिव्हायरस आधीपासून होता. मुदत संपल्यावर तो सारखा ओरडायला लागला. बीसीयूने काढूया का म्हणून तिने फोन केला. मी नाही म्हटलं. अँटिव्हायरस स्वतःला कोणी काढू नये म्हणून बनवलेला असतो, त्याचे ड्रायव्हर विंडोजच्या पार पोटात असतात. म्हणून मोठ्या कंपन्या आपापलं काढायचं हत्यार वेगळं देतात: मॅकाफीचं एमसीपीआर, अव्हास्टचं अव्हास्ट क्लिअर, कॅस्परस्कीचं केएव्हीरिमूव्हर. ज्याचा अँटिव्हायरस त्याचंच हत्यार, त्याच्याच साइटवरून. बहिणीचं काम त्यानेच झालं, आणि त्यानंतर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू झाला.

दुसरे पर्यायही वापरून पाहिलेत. रेव्हो अनइन्स्टॉलर नावाजलेलं आहे आणि दिसायला बीसीयूपेक्षा सुटसुटीत. तेही आधी मूळ अनइन्स्टॉलर चालवतं आणि मग सेफ, मॉडरेट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पातळ्यांवर उरलेलं शोधतं. घरच्या मशीनवरून एखादंच सॉफ्टवेअर काढायचं असेल तर मी रेव्होची फुकट आवृत्ती सुचवेन. पण हट्टी सॉफ्टवेअर जबरदस्तीने काढायची सोय पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. गीक अनइन्स्टॉलर एका फाइलचं, पेनड्राइव्हवर मावणारं, झटपट. फक्त ते घरगुती वापरासाठी फुकट आहे. एकावेळी पाच-सहा सॉफ्टवेअरं रांगेला लावून काढायची असतील तर बीसीयूला तोड नाही. नवीन लॅपटॉपवर कंपनीने भरून दिलेला पसारा काढायला ते उत्तम.

हे सगळं वाचून कोणी रजिस्ट्री क्लीनर घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती आहे. उरलेलं काढणं आणि अख्खी रजिस्ट्री ‘साफ’ करणं यात मोठा फरक आहे. पहिल्यात एका सॉफ्टवेअरचा माग असतो, दुसऱ्यात अंदाज. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरना आपला पाठिंबा नाही असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यांचं स्वतःचं विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप हे टूलसुद्धा त्यांनी २०१० मध्ये मागे घेतलं. एखादं एमएसआय पॅकेज निघतच नसेल तर त्यासाठी आता त्यांचा प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर आहे, तो वापरा.

ज्यांची मशीन अजून विंडोज १० वर आहेत त्यांच्यासाठी: त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बीसीयू त्यावर चालतं, पण साफसफाईने सुरक्षेचे अपडेट भरून निघत नाहीत.

बीसीयू घेताना गिटहबवरच्या त्याच्या अधिकृत पानावरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, नाहीतर काढायचं सॉफ्टवेअर घेताना आणखी दोन बसतील. इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्ती मिळते, तीच घ्या. ती चालवायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते, म्हणून ऑपरेटरच्या लॉग-इनला अ‍ॅडमिनचे हक्क देऊ नका, पासवर्ड आपल्याकडे ठेवा. आम्ही त्यानंतर दुकानातल्या सगळ्या मशीनवर तसंच केलंय, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर लागला तर तो मूळ कंपनीच्या साइटवरून मी स्वतः उतरवून देते.